भरतीपेक्षा खाली असलेली शेतं कोण राखतं?

प्रश्न : आम्ही बोरगावचे (ता. सौंसर, जि. पांढुर्णा). संत्र्याचा आंबिया बहार जगवायचा म्हणून उन्हाळाभर विहिरीत किती पाणी उरलं ते पाहत राहणारी माणसं. आमच्या भागातला एक मुलगा कामासाठी गोव्यात असतो. तो सांगत होता, की तिथे नदीकाठची पुष्कळ धानाची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत आणि तरीही त्यांत खारं पाणी शिरत नाही. हे कसं काय? सगळा गोवाच असा सखल आहे का? आणि ही शेतं कोणाची, त्यांची राखण कोण करतं? आमच्याकडे पाणी आत आणायची धडपड, तिथे ते बाहेर ठेवायची, म्हणून ही उत्सुकता.

— एक वाचक, बोरगाव

उत्तर : त्या मुलाने सांगितलं ते खरं आहे. या शेतांना गोव्यात खाजन म्हणतात. अशी जमीन सुमारे अठरा हजार हेक्टर आहे, म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याचा साधारण विसावा भाग. तुमचे प्रश्न एकेक करून घेऊ.

सगळा गोवा सखल आहे का?

नाही. गोवा पूर्व-पश्चिम जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर रुंद आहे, पण तेवढ्यात तीन वेगळे प्रदेश बसले आहेत. पूर्वेला सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या बाजूला सह्याद्री आहे आणि त्याची काही शिखरं हजार मीटरच्या वर जातात. मधल्या पट्ट्यात जांभ्या दगडाचे सडे आणि टेकड्या. पश्चिमेला नद्यांची रुंद मुखं आणि त्यांच्या काठची सपाट, चिखलाची जमीन. तुमचा प्रश्न आहे तो या शेवटच्या पट्ट्याचा.

डोंगरातून वेगाने उतरलेली नदी या सपाटीवर आली की तिचा उतारच संपतो, आणि मग समुद्र तिच्यात शिरतो. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत, गांज्यापर्यंत जाणवतो. म्हणजे जिथून समुद्र दिसतही नाही, अशा गावातही नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. मांडवी आणि जुवारी या दोन मोठ्या नद्या कुंभारजुव्याच्या खाडीने एकमेकींना जोडल्या आहेत. तिसवाडी, दिवाडी, चोडण ही त्या पाण्यातली बेटं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथे ओहोटी आणि भरती यांत दोन मीटरहून जास्त फरक पडतो. मध्ये बांध नसेल, तर खाजनाचं शेत तेवढ्या वेळी खाडीच होतं.

गोव्यातला शेतकरी आपली जमीन उंचीवरून ओळखतो. वरची, फक्त पावसावर पिकणारी ती मोरड. मधली, वाळूमिश्रित ती केर. सगळ्यांत खालची, चिखलाची आणि खारी ती खाजन.

खारं पाणी आत का येत नाही?

दोन गोष्टींमुळे : बांध आणि मानस.

बांध खाडीतल्याच चिकट चिखलाचा असतो. त्याला नदीच्या बाजूने जांभ्या दगडाची चढण देतात. बांधाबाहेर तिवरांची झाडी वाढू देतात, कारण लाटांचा मार आधी ती सोसते. मात्र पाणी कायमचं अडवून भागत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि टेकड्यांवरचं सगळं पाणी याच शेतांत उतरतं. ते बाहेर जायला वाट हवी, पण त्याच वाटेने खाडी आत येता कामा नये. त्यासाठी बांधात मानस बसवलेली असते.

मानस म्हणजे दगडी चौकटीत बसवलेली टणक लाकडाची झडप, फक्त बाहेरच्या बाजूला उघडणारी. भरती चढू लागली की खाडीचं पाणी झडपेला बाहेरून दाबतं आणि ती चौकटीवर घट्ट बसते. ओहोटी लागली, बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली, की आतलं पाणीच तिला ढकलून उघडतं आणि नदीत निघून जातं. हे दिवसातून दोनदा आपोआप होतं. त्याला इंजिन लागत नाही की वीज. मानशीच्या आतल्या बाजूला एक खोलगट तळं राखलेलं असतं, त्याला पोंय म्हणतात. शेतातलं पाणी आधी पोंयीत जमतं आणि तिथून बाहेर जातं. भरतीच्या सहा तासांत मुसळधार पाऊस झाला, तर ते पाणी धरून ठेवण्याचं काम हीच पोंय करते.

शेतातलं मीठही असंच धुऊन काढतात. विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुम्ही ऐकून असाल. तिथे क्षार जमिनीखालच्या पाण्यात आहे. इथे तो चिखलातच मुरलेला असतो. जूनचे पहिले पाऊस शेत धुतात आणि खारं पाणी मानशीतून बाहेर जातं. त्यानंतर मोड आलेलं बी फेकतात. पूर्वापार लावतात ते कोरगुट नावाचं धान, कारण उरलेला खारटपणा ते सोसतं. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी ‘गोवा धान’ नावाचे वाण काढले, त्यातल्या पहिल्या वाणांची निवड याच कोरगुटातून झाली आहे.

धान निघालं की काही ठिकाणी पोंयीत आणि कालव्यांत मासे धरतात : कोळंबी, शेवटा, खेकडे, आणि गोव्यात चणक म्हणतात तो जिताडा. काही ठिकाणी खाडीचं पाणी वाफ्यांत घेऊन मीठ पिकवतात. पेडण्यातलं आगरवाडा, बार्देशातलं नेरूल, पणजी-रायबंदर भागातली मिठागरं ही त्यांतली जुनी नावं. मिठाचा हंगाम कडक उन्हाचा, पहिल्या पावसापर्यंतचा. एकाच पाणथळीतून धान, मासळी आणि मीठ घ्यायचं, तर प्रत्येकाची वेळ ठरलेली हवी आणि ती सगळ्यांनी पाळायला हवी.

ही शेतं कोणाची?

एकट्या शेतकऱ्याला खाडीचा बांध घालता येत नाही. म्हणून ही जमीन सुरुवातीपासून गावाची होती.

बांदोड्याला सापडलेल्या एका ताम्रपटात, कोकणच्या मौर्य घराण्यातल्या अनिर्जितवर्मा राजाने खाजन जमीन दान दिल्याची नोंद आहे. तो साधारण सहाव्या शतकातला मानतात. पुढे गावाच्या मूळ वसाहतदारांच्या वंशजांची जी संघटना झाली, ती गावकारी. जमीन तिच्या सामायिक मालकीची. तुकडे लिलावाने कसायला द्यायचे. उत्पन्नातून देऊळ, वाटा, तळी, बांध, मानशी यांचा खर्च करायचा, सरकारी सारा भरायचा आणि उरलेलं गावकारांत वाटायचं. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था इतकी मुरलेली होती, की १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने तिचे रिवाज लिहून काढले आणि राज्यकर्त्यांनी ते मान्य केले. पोर्तुगीज अमदानीत तिला कोमुनिदाद हे नाव पडलं. आजही गोव्यात सव्वादोनशेच्या आसपास कोमुनिदादी आहेत. धर्मांतरानंतरही त्या टिकल्या. म्हणून हिंदू आणि ख्रिस्ती गावकार आपापल्या गावच्या याच व्यवस्थेत राहिले.

तिचं कौतुक करताना एक गोष्ट सांगायलाच हवी. गावकारीत वाटा पुरुषांना आणि मोजक्या घराण्यांना होता. चिखलात उतरून बांध घालणारे बहुतेक हात गावडा, कुणबी यांसारख्या समाजांचे होते आणि निर्णयात त्यांना जागा नव्हती. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. मिठागरांवर राबणारे मिठगावडे आणि खाडीत जाळं टाकणारे खारवी यांची उपजीविकाही याच पाण्यावर.

बांध राखणं हे या लोकांच्या दृष्टीने किती जिव्हाळ्याचं काम आहे, ते दुर्भाट आणि बोरी या भागात दिसतं. कुंभारजुव्याच्या खाडीत आणि जुवारीच्या बाजूला मगरी आहेत. पौष अमावास्येला शेतकरी खाजनाच्या काठी चिखलाची मगर घडवतात. तिच्या डोळ्यांना शिंपले, दातांना काड्या लावतात, तिची पूजा करतात आणि शेताची राखण कर म्हणून विनवतात. याला मांगें थापणी म्हणतात. पोळ्याच्या अमावास्येला तुमच्याकडे बैल पुजतात, कारण शेत त्याच्या खांद्यावर उभं असतं. खाजनात शेत बांधावर उभं आहे, म्हणून तिथे पूजा बांधाशी राहणाऱ्या जनावराची.

मग आता राखण कोण करतं?

तुमच्या प्रश्नांतला हा सर्वांत महत्त्वाचा. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि १९६४ मध्ये कूळ कायदा आला. १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालकी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. पिढ्यानपिढ्या दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना हा न्याय मिळायलाच हवा होता. पण मालकी तुकड्यातुकड्याने वाटली गेली आणि बांध मात्र एकच राहिला. कोमुनिदादीचं उत्पन्न आटलं, तसा तिचा बांधातला रसही आटला. बांध आणि मानस सांभाळायला कूळ संघ स्थापन झाले. काही गावांत ते नेटाने काम करतात, पुष्कळ ठिकाणी ते कागदावर आहेत. दुरुस्तीला सरकार पैसा देतं, पण बांधाला पडलेलं खेकड्याचं बीळ सरकारी कचेरीतून दिसत नाही. ते रोज बांधावरून चालणाऱ्या माणसालाच दिसतं. त्याची मुलं आता शहरात, आखातात किंवा जहाजावर नोकरीला असतात.

दुसरी अडचण मासळीची. मानशीवर जाळं लावून मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो आणि पूर्वी त्यातूनच बांधाचा खर्च निघे. आता मासळीला धानापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. लिलाव घेणाऱ्याला आत जितकं जास्त खारं पाणी येईल तितकं हवं असतं, म्हणून झडपा उघड्या ठेवल्या जातात. कुठे कोळंबीसाठी बांधालाच खांड पाडली जाते. मग शेतात तिवर उगवतं, आणि ते एकदा वाढलं की तोडायला कायद्याने बंदी. खांड वेळेवर बुजवली नाही, तर मीठ निघून जायला काही पावसाळे लागतात. त्याशिवाय खनिजवाहू बार्जींच्या लाटांनी बांध झिजले, रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या भरावांनी पाण्याच्या जुन्या वाटा अडल्या, आणि पडीक दिसणारी खाजनं घरं-हॉटेलांसाठी बुजवण्याचा मोह वाढला. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना खास संरक्षण दिलं, ते याच कारणाने.

आता समुद्रही थांबून राहिलेला नाही. उत्तर हिंदी महासागराची पातळी अलीकडच्या दशकांत वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढते आहे. आकडा लहान वाटेल, पण तीस वर्षांत ती वाढ दहा सेंटिमीटर होते. उधाण आणि अतिवृष्टी एकाच रात्री आली, तर मानशीला उघडायला मिळणारा वेळ तेवढ्याने कमी होतो.

गोव्याबाहेर असं काही आहे का?

आहे. महाराष्ट्रात रायगडमधल्या पेण-अलिबागच्या खारेपाटात अशीच खाडीतून सोडवलेली जमीन आहे. तिथे पाणी सोडायच्या दाराला उघाडी म्हणतात. याच भागात चरी आणि आसपासच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं संप केला. खोताला पिकाचा किती वाटा द्यायचा हा त्यातला मुख्य प्रश्न होता. बांधांसाठी १९४८ मध्ये मुंबई प्रांताचा आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खार जमीन कायदा झाला. दक्षिणेला केरळच्या कुट्टनाडात लोक समुद्रसपाटीखाली धान पिकवतात. नेदरलँड्सचा चौथा हिस्सा समुद्राखाली आहे, आणि तिथे पाण्याच्या व्यवस्थेसाठी तेराव्या शतकापासून स्थानिक मंडळं आहेत. ती आजही लोकांतून निवडली जातात आणि त्यासाठी वेगळा कर घेतात.

या सगळ्या ठिकाणांवरून एकच गोष्ट लक्षात येते. सखल जमीन कोरडी राहते, ती बांधाचा खर्च आणि शेताचं उत्पन्न एकाच मंडळींच्या हातात असतं तोवर. गोव्यात हे दोन्ही सुटे झाले आणि खाडी आत येऊ लागली. ते पुन्हा जोडता येण्यासारखे आहेत. मानशीच्या लिलावाचा पहिला पैसा बांधावरच खर्च व्हावा, हिशेब गावासमोर वाचला जावा, झडप उघडी ठेवणाऱ्याचा हक्क काढून घ्यावा, आणि या निर्णयांत कसणारे, मासे धरणारे, मीठ पिकवणारे आणि शेतात राबणाऱ्या बायका यांना बरोबरीची जागा मिळावी. जुन्या गावकारीची शिस्त ठेवायची आणि तिच्यातला अन्याय टाकायचा, एवढं केलं तर खाजनं टिकतील.

तुमच्या भागातल्या त्या मुलाला सुट्टी असेल तेव्हा रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जायला सांगा. ओहोटी लागताना एखाद्या मानशीपाशी उभं राहिलं, की झडप कशी उघडते ते डोळ्यांनी पाहता येईल. आणि तिथे कोणी शेतकरी भेटला, तर ती शेवटची दुरुस्त कधी झाली आणि पैसे कोणी दिले, एवढं जरूर विचारायला सांगा. त्या शेताचं पुढे काय होणार, ते त्या उत्तरावरून कळेल.