दोष कार्डाबरोबर फिरतो का?

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टोचलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचं मायनिंग करण्याचा धंदा त्या दिवशी संपला. महिनोन्‌महिने अखंड राबलेली कार्डं जगभर विकायला निघाली. तेव्हापासून जुन्या कार्डांच्या व्यवहारात, मग तो लॅमिंग्टन रोडवर होवो, पुण्याच्या तपकीर गल्लीत होवो की ऑनलाइन जाहिरातीतून, पहिला प्रश्न हाच असतो: हे मायनिंगचं तर नाही ना?

माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. ठरावीक वेगाने, थंड खोलीत राबलेलं कार्ड ठणठणीत असू शकतं आणि समुद्राजवळच्या दमट घरात पडून राहिलेलं कार्ड खराब असू शकतं. म्हणून जुनी कार्डं घेऊच नयेत, असं मी सांगणार नाही. ॲनिमेशन शिकणाऱ्या कितीतरी मुलांना नवीन कार्ड परवडतच नाही. माझ्या भाच्याने त्याच कारणाने ८ जीबीचं एक जुनं कार्ड घेतलं. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात मॉडेलचा दोष नव्हता. एक काम त्याने फार चांगलं केलं होतं. आठवडाभर तपासणार आणि दोष निघाल्यास परत देणार, हे विकणाऱ्याशी व्हॉट्सॲपवर लिहून ठरवलं होतं आणि सोबत सीरियल नंबरचा फोटो ठेवला होता.

लगेच त्याचा फोन आला. “मामा, रेंडर लावला की पीसी बंद होऊन आपोआप परत चालू होतोय. कार्ड गेलेलं दिसतंय. देऊन टाकू परत?”

मी त्याला थांबवलं. कार्ड आलं आणि त्यामागोमाग बिघाड आला, एवढ्यावरून बिघाड कार्डातच आहे असं ठरत नाही. मोठं कार्ड जास्त वीज ओढतं आणि मशीनमधलं आधीचं दुबळेपण उघडं पाडतं. अशा तपासात मी एकच प्रश्न धरून बसतो: दोष कार्डाबरोबर फिरतो का? हेच कार्ड दुसऱ्या धडधाकट मशीनमध्ये लावलं तर दोष तिकडे जातो का? आणि या मशीनमध्ये दुसरं कार्ड लावलं तर दोष इथेच राहतो का? दोन्ही उत्तरं हातात येईपर्यंत निकाल द्यायचा नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ड्रायव्हर, केबल आणि रॅम एकदम बदलून मशीन चाललं, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

लक्षण नीट ऐकून घेतलं की बरंच समजतं. लोड आल्यावर अख्खं मशीनच बंद पडत असेल, तर आधी एसएमपीएसकडे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, बघावं. भाच्याचा एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला होता. लेबलवर ४५० वॅट छापलेलं, पण १२ व्होल्टच्या रकान्यात १८ ॲम्पियर. गुणाकार करा, २१६ वॅट. कार्डाला मुख्यतः हीच १२ व्होल्टची वीज लागते. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. त्याचं कार्ड आठ पिनांचं होतं आणि एसएमपीएसला तशी वायरच नसल्याने जुन्या हार्ड डिस्कच्या वायरींवर कन्व्हर्टर लावून काम भागवलं होतं. हे कन्व्हर्टर वितळतात, आगही लागू शकते. कृपा करून वापरू नका. घरातला ६०० व्हीए यूपीएससुद्धा साधारण ३६० वॅटच पेलतो, हेही लक्षात असू द्या.

चांगला एसएमपीएस लावल्यावर रीस्टार्ट थांबले. पण अर्ध्या तासाच्या कामानंतर पडदा क्षणभर काळा होऊन परत यायचा आणि चित्रात रंगीत चौकोन उमटायचे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद होती, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो पुन्हा उभा केला गेला. कार्ड सुमारे २ सेकंद गप्प राहिलं की विंडोज असं करते. ही नोंद कार्डाचा गुन्हा सिद्ध करत नाही. ड्रायव्हर खराब असला, मशीनची रॅम वाढवलेल्या वेगाने धावत असली, तरी ती येते. म्हणून सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या साधनाने जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकला आणि रॅम मूळ वेगावर आणली. चौकोन तसेच. मग स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या मशीनवर उघडला. चौकोन त्यातही होते. स्क्रीनशॉटमध्ये बिघाड दिसत नसेल तर केबल, पोर्ट किंवा मॉनिटरवर संशय घ्यावा. दिसत असेल तर चित्र पडद्यापर्यंत पोहोचायच्या आधीच बिघडलंय.

आता कार्ड माझ्या मशीनमध्ये आणलं. चौकोन माझ्याकडे आले, आणि माझं कार्ड त्याच्या मशीनमध्ये निवांत चाललं. दोष कार्डाबरोबर फिरला.

नेमकं काय बिघडलंय ते बघायला मेमटेस्ट-वल्कन हे कार्डाची मेमरी तपासणारं साधन चालवलं. फरमार्क हे लोड देणारं साधन मुख्यतः चिपला तापवतं. कार्डाची मेमरी कानाकोपऱ्यातून तपासत नाही. त्यामुळे फरमार्कमध्ये पास झालेलं कार्डही मेमरीत नापास होऊ शकतं. मेमरी गार असताना परीक्षा स्वच्छ गेली, तापल्यावर चुका मोजता येईनात. मायनिंगसाठी काही जण कार्डाचा बायोस बदलून मेमरीची टायमिंग घट्ट करतात, म्हणून तीही शंका फेडून घेतली. या कार्डावर दोन बायोसचं बटण होतं; मशीन बंद करून ते दुसऱ्या बाजूला सरकवलं. चुका उशिरा आल्या, पण आल्याच. मेमरीचा वेग बराच उतरवल्यावर मात्र थांबल्या.

“मग वेग कमी ठेवून वापरा की,” विकणारा म्हणाला. नाहीतर ओळखीच्या माणसाकडून हीट देऊन आणतो, असंही म्हणाला. दोन्हीला आम्ही नकार दिला. वेग उतरवून चालणारं कार्ड आज दबलेला दोष उद्या पुन्हा दाखवतं. हीट देण्याबद्दल तर मला कळकळीने सांगायचंय. शिसं नसलेलं सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं; हीट गनने किंवा ओव्हनमध्ये कार्ड भाजून जिवंत झालं तरी मूळ चीर, खचलेला थर किंवा थकलेली मेमरी नवी होत नाही. असं कार्ड काही दिवस चालतं, आणि तेवढ्यात ते पुढच्या कुणाला तरी विकलं जातं. लिहिलेला करार आणि चुकांचे फोटो समोर ठेवल्यावर पैसे परत मिळाले.

नंतरचं कार्ड आम्ही विकणाऱ्याच्या घरी, त्याच्याच मशीनवर चालवून बघून घेतलं. तुम्हीही तसंच मागा. पोहोचाल तेव्हा कार्ड गार असावं. काही दोष गार असताना दिसतात, काही तापल्यावर. मशीन चालू होताच बायोसच्या पडद्यावर रेघा आहेत का बघा, तिथे विंडोजचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं साधन उघडून शेडरची (चिपमधल्या गणन-घटकांची) संख्या कंपनीच्या आकड्याशी ताडून घ्या. आरएक्स ५८० मध्ये २३०४ असतात, पण त्याच नावाने २०४८ चीही आवृत्ती विकली गेली आहे. जीटीएस ४५० सारख्या जुन्या कार्डांना १०५० टीआय म्हणून दाखवणारा बनावट बायोसही घातला जातो. तसा संशय आला तर जीपीयू-झेड नावापुढे इशारा देतं. मग अर्धा तास लोड, त्यात मेमरीची परीक्षा, आणि प्रत्येक पोर्टला केबल लावून बघणं. पंख्याचा आवाज ऐका, स्क्रूंवरचा गंज आणि उघडल्याच्या खुणा बघा. अर्ध्या तासाला नाही म्हणणाऱ्याचं कार्ड कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

आणि परत देण्याची मुदत संपून गेलेलं सदोष कार्ड तुमच्याच हातात उरलं असेल, तर विकताना जाहिरातीत दोष स्पष्ट लिहा, चुकांचा फोटो लावा. दुरुस्ती करणारे पंखा, हीटसिंक आणि सुट्या भागांसाठी अशी कार्डं घेतात; पैसे कमी मिळतात, पण मिळतात.