शेणातील सेल्युलोज

वनस्पतींच्या पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोज या बहुवारिकाच्या बनलेल्या असतात. ग्लुकोजचे असंख्य रेणू साखळीसारखे जोडले जाऊन ते तयार होते. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. कागदाचा पायाही तोच. लाकडातील सेल्युलोज मात्र लिग्निनने जखडलेले असते. ते सोडविण्यास लाकूड दळावे लागते व पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते.

व्हिएन्ना विद्यापीठातील अलेक्झांडर बिस्मार्क यांनी क्रीट बेटावर वाळके गवत चरणाऱ्या शेळ्या पाहिल्या. दळण्याचे हे काम शेळी अगोदरच करते, हे त्यांच्या लक्षात आले. चर्वण, पोटातील आम्ल व विकरे यांमुळे गवत बारीक होते. न पचलेले तंतू बाहेर पडतात. शेळीच्या लेंड्या, गाईचे शेण व हत्तीची लीद यांवरील त्यांच्या गटाचे काम २०१८ मध्ये मांडले गेले. प्राण्यानुसार विष्ठेचा ४० टक्क्यांपर्यंत भाग सेल्युलोज असू शकतो. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने लिग्निन व प्रथिने बरीचशी दूर होतात. विरंजनानंतर कागदाला उपयोगी लगदा उरतो.

आपल्याकडे शेण हा कचरा नव्हे. ते शेताचे खत व चुलीचे इंधन आहे. म्हणून आधी गोबरगॅस घ्यावा आणि मळीत उरलेल्या तंतूंचा विचार नंतर करावा. सोडायुक्त पाणी प्रक्रियेविना जमिनीवर सोडू नये. आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या हातांनी गोठे झाडले, त्या हातांना या नव्या संपत्तीत न्याय्य वाटा मिळावा. विज्ञानाने पदार्थाचे मोल वाढविले, तर श्रमाचेही वाढले पाहिजे.