ऑफर लेटर हाती येईपर्यंत

तू फोनवर विचारलंस ना, "ताई, इंटरव्ह्यूतच माझ्या आतड्यांच्या आजाराचं, क्रोन्सचं, सांगून टाकू का? नंतर लपवल्यासारखं नको व्हायला." तर ऐक बाळा, नको सांगूस. ऑफर लेटर हाती येईपर्यंत तर नाहीच. यात लबाडी काही नाही. ऑफरआधी ते विचारायचा हक्कच अमेरिकेतल्या कायद्याने कंपनीला दिलेला नाही.

आधी कंपनीची भीती समजून घे. इथे नोकरदारांचा आरोग्यविमा बहुतेक वेळा नोकरीशीच बांधलेला असतो. २०२४ साली कंपनीमार्फत घेतलेल्या कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता आणि त्यातला तीन चतुर्थांश वाटा कंपन्यांनी उचलला. पुष्कळ कंपन्या तर लोकांची बिलं स्वतःच्याच पैशातून भागवतात. विमा कंपनी फक्त कारभार पाहते. तुझ्या एकेका इन्फ्युजनचं, म्हणजे शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाचं, बिल हजारो डॉलरचं. मोठ्या कंपनीत ते हजारो लोकांच्या खर्चात मिसळून जातं, पण शे-दीडशे माणसांच्या कंपनीत चटकन डोळ्यांत भरतं. मग 'ही महाग पडेल' असं कुणाच्या तरी मनात येतं.

कायदा मात्र तुझ्या बाजूने आहे. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानुसार, पंधरा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला ऑफर देण्याआधी आजार, औषधं, आजारपणाच्या रजा यांबद्दल विचारता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीनंतर तुझ्यासारखे मधूनमधून उसळणारे आजारही त्यात येतात. विम्याचा खर्च वाढेल, हे नोकरी नाकारायचं कारण होऊ शकत नाही. आजारापोटी तुझ्याकडून सहकाऱ्यांपेक्षा जास्त हप्ता घेता येत नाही, आणि २०१४ पासून जुना आजार विम्यातून वगळताही येत नाही.

तरीही खरं सांगते, "दुसरा उमेदवार जास्त योग्य वाटला" एवढं म्हणून कुणीही विषय मिटवू शकतं. ते खोटं आहे हे सिद्ध करणं फार अवघड. म्हणून माहिती तुझ्याच हातात ठेव. आजाराबद्दलच्या सोशल मीडियावरच्या पोस्ट बाकीच्यांना दिसणार नाहीत असं कर. कुणी आडून विचारलंच, तर एवढंच म्हण, "या कामातली प्रत्येक जबाबदारी मी पार पाडू शकते."

ऑफर आली की एचआरकडे विम्याची सगळी माहिती माग. ती सगळेच मागतात, कारण सांगायची गरज नाही. तुझा डॉक्टर विम्याच्या नेटवर्कमध्ये आहे का, तुझं औषध विम्याच्या यादीत आहे का, वर्षाला जास्तीत जास्त किती पैसे तुझ्या खिशातून जातील आणि विमा कधी सुरू होईल, हे नीट बघ. विम्यासाठी नव्वद दिवसांपर्यंत थांबायला लागू शकतं. तोवर, नोकरी सुटल्यावरही विमा चालू ठेवू देणाऱ्या कोब्रा कायद्याखाली, जुन्या नोकरीतला विमा बहुधा चालू ठेवता येईल, पण पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के तुलाच भरावे लागतील. एक इन्फ्युजन चुकण्यापेक्षा ते परवडलं.

आणि आजार कळल्यावर ऑफर मागे घेतलीच, तर गप्प बसू नकोस. समान रोजगार संधी आयोगाकडे १८० दिवसांत तक्रार करता येते, बऱ्याच राज्यांत ३०० दिवसांत.

शेवटचं एक. 'आपल्यामुळे कंपनीला खर्च पडणार' म्हणून पगार कमी मागायचा विचार तुझ्या मनात आहे, मला ठाऊक आहे. विमा नोकरीला बांधायचं तू ठरवलेलं नाहीस. पगार पूर्ण माग.