बँकॉकमध्ये जेवायला जाताय? मेन्यूवरची बारीक अक्षरं वाचा

‘टूरवाल्यांबरोबर गेला असतात तर हे झालं नसतं’ हे परत आल्यापासून इतक्या जणांकडून ऐकलंय, की एकदाचं लिहूनच टाकते. टूरवाल्यांबरोबर गेले असते तर बँकॉकमध्येही पनीर बटर मसालाच खाल्ला असता. तो मला ठाण्यात मिळतो.

आम्हाला जायचं होतं यावरातला, म्हणजे तिथल्या चायना टाउनला. टुकटुकवाला म्हणाला, आज तिथे सगळं बंद. त्याच्या ओळखीचं एक ‘लोकल’ ठिकाण आहे, मासे एकदम ताजे, भाडं फक्त वीस बात. वीस बातमध्ये तिथे कुणी कुणाला फिरवत नाही, हे आता जो तो सांगतो. निघण्याआधी एकालाही सुचलं नाही.

दारात काचेच्या टाक्या, त्यात जिवंत मासे, खेकडे. मेन्यूत वाफवलेल्या माशापुढे १८०. आला तो परातभर मासा, वर लिंबू, लसूण, मिरची. चवीला उत्तम होता, खोटं कशाला बोलू?

बिल बघून वाटलं, शेजारच्या टेबलाचं आलं. मॅनेजर हसत हसत कॅल्क्युलेटर घेऊन आला. मेन्यू उघडून १८० च्या खाली त्याने नखाने रेघ ओढली. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘१०० ग्रॅम’. मासा म्हणे एक किलो चारशे. वजन करताना आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. त्याने १८० गुणिले १४ केलं आणि आकडा आमच्याकडे फिरवला : २५२०. त्यावर खेकडे. मग दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या सगळ्या बेरजेवर सात टक्के व्हॅट. वजनाचा काटा दाखवा म्हटलं, तर हसला. मासा तरी दाखवा कसा म्हणणार, तो आमच्या पोटात! काचेतून बघते तर टुकटुकवाला बाहेर उभा, आणि वेटर त्याच्या हातात काहीतरी सरकवतोय. आमचे हे म्हणत होते, जाऊ दे, परका देश आहे. मी फोन काढून एकदाच मोठ्याने ‘टुरिस्ट पोलीस’ म्हणाले. सर्व्हिस चार्ज तेवढा खोडला गेला. मासा मात्र २५२० चाच राहिला.

तर, जाणार असाल तर ऐका. मासे-खेकडे वजनावर विकणं तिथे रीतसरच आहे. म्हणून आधी वजन डोळ्यांसमोर करून घ्या आणि एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या. मेन्यूत किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली, तर सर्व्हिस चार्ज आणि व्हॅट वेगळा लागणार. हजाराचे ११७७ होतात. टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, फोनमध्ये आधीच ठेवा. पाणी बाटलीतलं प्या, हात धुवा, ते तर आलंच.

पहिल्या दिवशी सरळ मॉलच्या फूड कोर्टात जा. असोक स्टेशनला लागून टर्मिनल २१ आहे, तिथलं पिअर २१ स्वस्त आणि स्वच्छ. काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, उरलेले पैसे परत मिळतात. किंमत पाटीवर लिहिलेली, हसणारा मॅनेजर नाही.

शाकाहारी मंडळींनी नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. पपईच्या कोशिंबिरीत, सोम ताममध्ये, सोडे असतात आणि फिश सॉस तर जवळजवळ सगळीकडे. पिवळ्या पाटीवर लाल रंगात १७ सारखं दिसणारं थाई अक्षर शोधा. ते ‘जे’ जेवण : मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही. अगदीच पोळीची आठवण आली तर फाहुरातला जा. तिथल्या गुरुद्वारात लंगर असतो.

आणि यावरात त्या दिवशी बंद नव्हतंच. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही मेट्रोने गेलो. वात मांगकोन स्टेशनवर उतरलं की थोडं चालून गाड्याच गाड्या. ज्या गाडीवर ऑफिसमधून सुटलेली थाई माणसं रांगेत उभी असतील, तिथे उभे राहा. सोमवारी मात्र जाऊ नका, बऱ्याच गाड्या बंद असतात.