दोरा, पृथ्वीगोल आणि ससाणा

शाळेतील पृथ्वीगोल घ्या. एका दोऱ्याचे एक टोक नागालँडमधील दोयांग जलाशयावर (सुमारे २६° उत्तर, ९४° पूर्व) आणि दुसरे टोक सोमालियाच्या पूर्वेकडील भूशिरावर (सुमारे १०.५° उत्तर, ५१.५° पूर्व) धरून दोरा ताणा. तो कोठून जातो ते पाहा. जळगाव-धुळ्याच्या अगदी जवळून! आता हीच दोन ठिकाणे जगाच्या सपाट नकाशावर पट्टीने जोडा. रेषा अहिल्यानगरच्या आसपास येईल. गोलावरील सर्वांत जवळची वाट ताणलेला दोरा दाखवितो. सपाट कागदावर ती वाट वाकडी दिसते.

ही दोन ठिकाणे निवडली ती अमूर ससाण्यासाठी. हा लहानसा शिकारी पक्षी पूर्व सायबेरिया व उत्तर चीनमध्ये वीण करतो आणि हिवाळ्यापूर्वी दक्षिण आफ्रिकेकडे निघतो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य भारतात त्याचे प्रचंड थवे उतरतात. पंख फुटलेली वाळवी खाऊन ते पुढील प्रवासासाठी अंगात चरबी साठवितात. २०१२ साली दोयांग येथे हे पक्षी जाळ्यांत हजारोंनी मारले गेले. पुढच्याच वर्षी तेथील गावकऱ्यांनी शिकार थांबविली. नोव्हेंबर २०१३ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या व हंगेरीच्या शास्त्रज्ञांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर प्रेषक बसविले. त्यांची नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती.

प्रेषकाचे वजन ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्यात मावेल एवढ्या पाण्याइतके. पक्ष्याचे वजन सुमारे १६० ग्रॅम. टक्केवारी काढून पाहा: ओझे साधारण ३ टक्के येते. याहून जड यंत्र पक्ष्याला झेपत नाही. म्हणूनच त्यात मोठी बॅटरी नसते. ते उन्हावर चालते.

प्रेषकाचे ठिकाण कसे कळते? भुसावळच्या फलाटावर उभे असताना शिटी वाजवीत येणारी गाडी आठवा. गाडी जवळ येताना शिटी चढी ऐकू येते, दूर जाताना उतरते. तसाच बदल उपग्रहाला प्रेषकाच्या संदेशात आढळतो. त्यावरून जागा काढतात.

आता गणित करू. नागा हा ससाणा नागालँडहून सोमालियापर्यंत सुमारे ५,६०० कि.मी. न थांबता ५ दिवस १० तासांत, म्हणजे १३० तासांत गेला. सरासरी वेग ताशी ४३ कि.मी. आपला दोरा मात्र सुमारे ४,८०० कि.मी. भरतो. मग ८०० कि.मी. जास्त का? पक्षी दोऱ्यावरून उडत नाही, हवेतून उडतो. हे ससाणे बरेचदा दक्षिणेकडे वळून, बंगालच्या उपसागरावरून द्वीपकल्प ओलांडतात. पुढे अरबी समुद्रावर ईशान्येकडील वारा त्यांना मागून ढकलतो. लांबची वाट कधी कधी कमी श्रमाची असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. असे लहान प्रेषक बहुधा १० तास बोलतात व ४८ तास गप्प राहून ऊर्जा साठवितात. ४८ तासांत ससाणा ४३ × ४८ = २,०६४ कि.मी. जाईल. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी आहे सुमारे ८०० कि.मी. म्हणजे एका मौनात संपूर्ण महाराष्ट्र मागे पडू शकतो! नकाशावरचे ठिपके उपग्रहाने दिलेले असतात. त्यांना जोडणारी रेषा आपण ओढलेली असते. पहिली नोंद आहे, दुसरा अंदाज.

ती रिकामी जागा डोळसपणे पाहणारी माणसेच भरू शकतात. नोव्हेंबर-डिसेंबरात कपाशीच्या शेतांवरील विजेच्या तारा न्याहाळा. अमूर ससाण्याचा नर पाटीसारखा राखाडी, मांड्या तांबूस; उडताना पंखांखाली पुढचा भाग पांढरा दिसतो. मादीच्या पोटावर काळ्या खुणा असतात. हिवाळ्यात नेहमी दिसणाऱ्या खरूचीची पाठ विटकरी असते. दोघांत गल्लत करू नका. तारीख, वेळ, गाव, संख्या वहीत लिहा. पक्षी दिसला नाही, तर तेही लिहा. शिक्षकांनी अशी वही वर्गात दरवर्षी पुढे चालू ठेवावी. पाच-दहा वर्षांनी ती उपग्रहाच्या नकाशाशेजारी ठेवून पाहण्याजोगी होईल.