ही चादर उचलीत धरणार का?

वाचनासाठी : नहेम्या, अध्याय 5, याकोबाचे पत्र 5:1-6



या तिमाहीचा पाठ एका थाई बाईंच्या कामावरून घेतला आहे. त्यांचे नाव चंचनित मार्टोरेल. थायलंडमध्ये जन्म, बालपणीच कुटुंबाबरोबर अमेरिकेत लॉस एंजेलिसला आल्या. तिथल्या विद्यापीठात राज्यशास्त्र आणि नगरनियोजन शिकल्या. शिक्षणाच्या बळावर त्यांना आरामाची नोकरी मिळाली असती. त्याऐवजी 1994 साली त्यांनी आपल्या लोकांसाठी थाई समुदाय विकास केंद्र सुरू केले. घरभाडे, कागदपत्रे, मजुरी, दुकानाचा परवाना अशा अडचणी घेऊन इंग्रजी न येणारी माणसे तिथे येऊ लागली.

वर्षभरातच मोठी कसोटी आली. लॉस एंजेलिसजवळच्या एल मॉन्टे गावात एका चाळवजा इमारतीत थाई मजुरांना कोंडून शिवणकाम करून घेत होते. भोवती काटेरी तार आणि दारावर पहारा होता. 2 ऑगस्ट 1995 रोजी सरकारी अधिकाऱ्यांनी छापा घालून 72 जणांना सोडवले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या आणि काहीजणी तर कित्येक वर्षे आत होत्या. दिवसाला सोळा-सोळा तास काम, आणि मोबदला तासाला दोन डॉलरहूनही कमी. त्या वेळी कायद्याने किमान मजुरी सव्वाचार डॉलर होती. 'प्रवासखर्चाचे कर्ज फिटेपर्यंत सुटका नाही,' असे त्यांना सांगितलेले होते, आणि पळालात तर गावाकडच्या घरच्यांचे बरे होणार नाही, ही धमकीही होती. आतल्या बायकांना थाईखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला मार्टोरेलबाई आणि त्यांचे सहकारी उभे राहिले.

आपल्याला वाटेल, सुटका झाली, गोष्ट संपली. पण त्या मजुरांना सरकारने परवान्याविना देशात राहणारे म्हणून पुन्हा कोठडीत ठेवले. एका कुंपणातून निघून त्या दुसऱ्या कुंपणात गेल्या. मार्टोरेलबाई, ज्युली सू नावाच्या तरुण वकील आणि इतर कार्यकर्ते यांनी तगादा लावला, तेव्हा कुठे आठवड्याहून अधिक काळाने त्यांना मोकळे केले. मग निवारा, कपडे, औषधपाणी, नोकरी आणि न्यायालयात साक्ष अशी वर्षानुवर्षांची कामे सुरू झाली. कोंडून ठेवणाऱ्यांना शिक्षा झाली. ज्या कंपन्यांचे कपडे त्या शिवत होत्या, त्यांच्यावरही दावा लावला गेला आणि चाळीस लाख डॉलरहून अधिक भरपाई मिळाली. त्याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्यात राबलेल्या लॅटिन अमेरिकी मजुरांनाही त्यात वाटा मिळाला. 2000 साली अमेरिकेत मानवी व्यापाराविरुद्ध जो कायदा झाला, त्यामागच्या प्रकरणांत एल मॉन्टेचे नाव घेतले जाते. सुटलेल्यांपैकी कित्येकजणी पुढे त्या देशाच्या नागरिक झाल्या.

मार्टोरेलबाई तिथेच थांबल्या नाहीत. ईस्ट हॉलिवूडमधल्या थाई वस्तीला मान मिळावा म्हणून त्यांच्या केंद्राने नगरपालिकेकडे पाठपुरावा केला. 1999 साली त्या भागाला 'थाई टाउन' हे अधिकृत नाव मिळाले. मजुरांच्या हक्कासाठी लढणे आणि वस्तीचा रस्ता सुधारणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच सेवेचा भाग मानली.

आता नहेम्याकडे वळू. यरुशलेमची भिंत बांधली जात असतानाच गरीब लोकांचा आक्रोश त्याच्या कानी आला. दुष्काळात धान्यासाठी आणि राजाच्या करासाठी त्यांनी शेते गहाण टाकली होती, लेकीबाळींना दास्यात दिले होते. कर्ज देणारे परके नव्हते, भाऊबंदच होते. नहेम्याने काय केले, ते क्रमाने पाहा.

1. त्याने आक्रोश ऐकला. भिंतीचे काम मोठे आहे, नंतर पाहू, असे तो म्हणाला नाही.
2. त्याला संताप आला, पण त्याने आधी मनाशी विचार केला आणि मग तोंड उघडले.
3. त्याने सावकारांना एकांतात विनवले नाही, सभा बोलावून सर्वांसमोर जाब विचारला.
4. त्याने दया मागितली नाही, परत द्यायला लावले. शेते, मळे, घरे आणि घेतलेले व्याजही.
5. अधिकारी म्हणून मिळणारा भत्ता त्याने स्वतः घेतला नाही.

यांतली चौथी पायरी आपल्याला जड जाते. माझाच अनुभव सांगते.

काही वर्षांपूर्वी नाताळाच्या आठवड्यात आम्ही एका वीटभट्टीवर कातकरी कुटुंबांना चादरी वाटायला गेलो. थंडी कडक होती, मुले उघडी होती. एका बाईने चादर हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारले, "ताई, ही चादर उचलीत धरणार का?"

मी हसले. "नाही गं, फुकट आहे," म्हणाले, फोटो काढला आणि पुढच्या झोपडीकडे वळले.

त्या रात्री झोप लागली नाही. दिवाळीनंतर भट्टीवर येताना घेतलेली उचल पावसाळा आला तरी फिटत नाही, दवापाणी आणि बाजारही तिच्यातच चढतो, म्हणून तिला तो प्रश्न पडला होता. तिने मला तिच्या कुंपणाचे दार दाखवले होते आणि मी चादर देऊन परतले. किती उचल आहे, हिशेबाची वही कोणाकडे आहे, मधेच जाता येते का, यांतले मी काहीच विचारले नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, तेव्हा ते कुटुंब दुसरीकडे हलवलेले होते. ती बाई मला पुन्हा भेटली नाही.

आपल्या देशात 1976 पासून वेठबिगारी बंद करणारा कायदा आहे. वेठबिगार ठरलेल्या माणसाचे ते कर्ज कायद्याने रद्द होते. सुटकेची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे, आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमायच्या असतात. म्हणजे दार आहे. ते ठोठावायला त्या माणसाबरोबर कोणीतरी जावे लागते. एल मॉन्टेत मार्टोरेलबाई गेल्या.

याकोब आपल्या पत्रात सांगतो की मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी पोहोचतो. देवाला ऐकू येणारा आवाज मंडळीला ऐकू येऊ नये, हे कसे चालेल?

चादरी देणे थांबवू नका, थंडी खरीच आहे. पण चादर देताना खाली बसा आणि हिशेब विचारा.

मंडळीत चर्चेसाठी :
1. आपल्या गावाजवळच्या भट्टीवर वा उसाच्या फडावर कोण राबते? त्यांची भाषा आपल्यापैकी कोणाला येते?
2. नहेम्याच्या पाच पायऱ्यांपैकी आपली मंडळी कोणत्या पायरीवर थांबते? का?
3. दान घेणाऱ्याला आपण शेवटचा प्रश्न कधी विचारला, आणि उत्तर ऐकायला थांबलो का?

प्रार्थना : हे प्रभू, आमचे हात तू उघडलेस, आता आमचे कानही उघड. ज्यांच्या नावावर न फिटणारे कर्ज आहे, त्यांच्याबरोबर कचेरीच्या पायऱ्या चढण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.