पऱ्हाटीचे अंतर आणि युरियाची चुंगडी

मी बँकेतला कारकून, शेतीतज्ज्ञ नव्हे. पण आर्णी भागात पीककर्जाचे कागद हाताळताना एकच प्रश्न वारंवार कानी येतो : पऱ्हाटी दाट लावावी की विरळ, आणि युरिया किती टाकावा? प्रश्न शेतीचा असला तरी निम्मे उत्तर अंकगणितात आहे.

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चार बाय तीन फुटांवर लावल्यास ३,६३० झाडे बसतात. तीन फुटांच्या तासात अर्ध्या फुटावर लावल्यास २९,०४०. समजा, विरळ झाडाला ४० बोंडे व दाट झाडाला आठच आली, बोंड चार ग्रॅमचे धरले. तरी कापूस अनुक्रमे पावणेसहा व सव्वानऊ क्विंटल होतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सघन लागवडीचा पुरस्कार केला तो याच विचाराने. मात्र हे गणित हलक्या, बरड जमिनीचे आहे. तेथे झाड बुटके राहते. अरुणावतीकाठच्या काळ्या भारी जमिनीत दाट पऱ्हाटी एकमेकींत गुंतते, ऊन-वारा खाली पोचत नाही, पाते गळतात, बोंडे सडतात. बियाण्याची पाकिटेही जास्त लागतात, ते वेगळेच.

आता नत्र. कोरडवाहू संकरित कपाशीस हेक्टरी ६० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी २४ किलो. युरियात नत्र ४६ टक्के. तेव्हा ४५ किलोची एक चुंगडी आणि वर सात किलो, बस! डीएपी दिले असेल तर त्यातले १८ टक्के नत्र यातून वजा करावे. तेही एकदम नव्हे. काही पेरणीला, बाकी महिनाभराने ओल पाहून. पण युरिया स्वस्त पडतो, आणि हिरवेगार शेत पाहून मन भरते!

जादा नत्राने झाड पानावर जाते, बोंडे उशिरा धरतात, लुसलुशीत पानांवर मावा-तुडतुडे येतात. मग फवारणी आली. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जहाल औषधांची मिश्रणे व संरक्षक साधनांचा अभाव ही कारणे होतीच. पण त्या वर्षी पऱ्हाटीही ठिकठिकाणी डोक्याच्या वर गेली होती. दाटलेल्या तासातून पंप पाठीवर घेऊन चालणाऱ्याच्या तोंडावरच औषध उडते. तो बहुधा रोजाने आलेला असतो.

विद्यार्थ्यांनी पेरणीपूर्वी दोरीला फुटाफुटावर गाठी मारून द्याव्यात, आणि एकरी झाडे किती बसली ते वहीत मांडावे.